तिसरी रात्र

मंगळवारी सकाळी वेरूळच्या तिकीटखिडकीसमोर अकोल्याकडची एक गाडी येऊन थांबते. आधी आजी उतरतात, गुडघ्यावर हात ठेवून जरा उभ्या राहतात. पोरं फाटकाकडे पळतात. मागून डबे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या उतरतात. पहारेकरी लांबूनच हात हलवतो, "आज बंद. मंगळवार आहे." वडील पुन्हा विचारतात, कारण आदल्या दिवशी अजिंठ्याच्या गाड्या जिथे थांबवतात त्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवरही त्यांना हेच ऐकावं लागलेलं असतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावला असता, तर दोन्ही लेणी बघून झाली असती. त्यांच्या हाती आता रस्त्यापलीकडचं घृष्णेश्वर उरतं. दर्शन होतं, डबे उघडले जातात, आणि दुपारी गाडी परत अकोल्याच्या वाटेला लागते. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा बघून आणखी एक रात्र राहायचा बेत असतो, तो गाडीतच मोडतो.

हे दृश्य दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कुटुंबाच्या वाट्याला येतं, आणि ते मनातून जात नाही. या लोकांनी सगळं नीट केलेलं असतं. रजा टाकलेली असते, गाडी तपासून घेतलेली असते, हॉटेल आधी ठरवलेलं असतं. रविवारी रात्री हॉटेलच्या काउंटरवर "उद्या कुठे जाणार?" एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण ते विचारणं कुणाचंच काम नाही. लेणी पुरातत्त्व खात्याची, टी-पॉइंटपासूनच्या चार किलोमीटरवर धावणाऱ्या बस एसटीच्या, रस्ता कधी राज्याचा तर कधी राष्ट्रीय महामार्गाचा, पर्यटक निवास एमटीडीसीचं म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, अभयारण्य वनखात्याचं, शहरातली स्वच्छता महापालिकेची. प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याचा हिशेब आहे. पाहुणा शहरात आल्यापासून जाईपर्यंतचा सलग हिशेब मात्र कुणाकडेच नाही. छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हणतात. राजधानीला असा हिशेब ठेवणारं एक टेबल तरी असावं, एवढीच अपेक्षा आहे.

पर्यटन वाढलं की नाही, हे आपल्याकडे डोकी मोजून ठरवतात. यंदा इतके लाख आले, गेल्या वर्षी तितके. दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला रांग लागली की फोटो छापून येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. या शहरासाठी ते माप अपुरं आहे, शिवाय घातकही. अजिंठ्याची भित्तिचित्रं माणसाच्या श्वासानेच झिजतात. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, फ्लॅशला बंदी आहे, दिवे मंद ठेवलेले आहेत. बाहेर वाघूरच्या खोऱ्यात ऊन भाजत असतं आणि आत शिरलं की दमट, थोडासा कुबट गारवा लागतो. भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या झुकलेल्या पापण्या दिसायला डोळ्यांना मिनिटभर लागतं, आणि तेवढ्यात मागून "चला, पुढे चला" सुरू होतं. या खोलीत दुप्पट माणसं कोंबून कुठल्याही शहराने वाढ साधू नये. इथली वाढ दुसरीकडून यायला हवी. आलेला माणूस आणखी एक रात्र राहिला पाहिजे.

हिशेब साधा आहे. समजा साठ खोल्यांचं एक हॉटेल आहे. वर्षाला विकायला त्याच्याकडे 21,900 खोली-रात्री (एक खोली, एक रात्र) असतात. वर्षभरात 10,000 बुकिंग झाली आणि प्रत्येक बुकिंग सरासरी 1.2 रात्रींचं असलं, तर 12,000 रात्री विकल्या गेल्या. म्हणजे ऑक्युपन्सी, भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, 55 टक्के. तेच पाहुणे सरासरी 1.6 रात्री राहिले तर 16,000 रात्री होतात आणि ऑक्युपन्सी 73 टक्क्यांवर जाते. एकही नवा माणूस आलेला नाही, अजिंठ्याच्या लेण्यात एकही जादा श्वास घेतला गेलेला नाही. उलट हॉटेलचा खर्च कमी होतो. एका रात्रीचा पाहुणा गेला की चादरी, टॉवेल, साबण, खोलीची पूर्ण साफसफाई हे सगळं नव्याने करावं लागतं. तोच पाहुणा दुसऱ्या रात्रीही राहिला की यातलं निम्मं वाचतं. रिक्षावाल्याला संध्याकाळची एक फेरी जास्त मिळते, नान-खलियाच्या हॉटेलात एक टेबल जास्त लागतं, हिमरूची शाल बघायला निवांत वेळ मिळतो. खरेदी नेहमी शेवटच्या संध्याकाळी होते, आणि जो संध्याकाळच्या गाडीने निघतो त्याला ती संध्याकाळ मिळतच नाही.

जगातली काही शहरं हे रात्रींचं माप कधीपासूनच वापरत आली आहेत. व्हिएन्नाचं पर्यटन मंडळ 1955 पासूनचं. तिथे प्रत्येक हॉटेल दर महिन्याला किती पाहुणे आले, कुठल्या देशातून आले आणि किती रात्री राहिले ते कळवतं. त्यावरून पुढच्या महिन्यात कुठल्या देशात जाहिरात करायची आणि कुठे थांबवायची हे ठरतं. 2019 मध्ये व्हिएन्नात पाहुण्यांच्या 1 कोटी 76 लाख रात्री नोंदल्या गेल्या. 2020 मध्ये तो आकडा 46 लाखांवर कोसळला. 2024 मध्ये तो 1 कोटी 89 लाखांच्या आसपास पोचला, म्हणजे करोनाच्या आधीपेक्षाही वर. मंडळाचा खर्च बराचसा खोलीच्या भाड्यावरच्या स्थानिक करातून निघतो. 2019 मध्ये पुढच्या काही वर्षांचं धोरण आखताना त्यांनी एक वेगळा प्रश्न मध्यभागी ठेवला. पाहुण्यांमुळे शहरात राहणाऱ्यांचं काय भलं होतं? हा प्रश्न ते नागरिकांनाही विचारत राहतात.

या पद्धतीत एक मोठी मेख आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. खोलीवरच्या करावर चालणाऱ्या मंडळाचा पैसा पाहुण्यांबरोबरच आटतो. ज्या वर्षी जाहिरात करायची, गाईड टिकवायचे, रद्द झालेले कार्यक्रम परत आणायचे, त्याच वर्षी तिजोरी रिकामी असते. म्हणून चांगल्या वर्षांतला ठरावीक हिस्सा बाजूला काढून ठेवावा लागतो, आणि तो दुसऱ्या कामाला वळवायचा नाही हे लिखित नियमाने बांधून घ्यावं लागतं. आपल्याकडे तर तो पैसा मुळातच शहराकडे येत नाही. हॉटेलच्या खोल्यांवरचा राज्याचा लक्झरी टॅक्स 2017 मध्ये जीएसटीत विरघळला. लेण्यांची तिकिटं (भारतीयाला 40 रुपये, परदेशी पाहुण्याला 600) पुरातत्त्व खात्याकडे जमा होतात. रस्ते, दिवे, कचरा, स्वच्छतागृहं यांचा भार शहरावर, आणि त्याच्या बदल्यात पर्यटनासाठी म्हणून राखून ठेवलेलं असं महापालिकेच्या हाती काहीच नाही.

मोजण्याच्या बाबतीत मात्र आपण अगदीच कोरे नाही. परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला की चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरावाच लागतो. नाव, देश, कुठून आला, कुठे जाणार, किती दिवस राहणार, सगळं त्यात असतं. जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंकेहून बौद्ध यात्रेकरू कुठल्या महिन्यात येतात आणि किती रात्री थांबतात याचं उत्तर त्या फॉर्ममध्ये आधीच लिहिलेलं आहे. पण तो फॉर्म परदेशी नागरिकांच्या नोंदीसाठी असतो, पर्यटनासाठी त्यातून नावं वगळून नुसते आकडे काढायची रीत नाही. देशी पाहुण्यांचं नाव-गाव प्रत्येक लॉजच्या रजिस्टरात असतं. ती रजिस्टरं भरतात आणि माळ्यावर जातात.

संकटानंतर पाहुणे परत येतात तेही एका क्रमाने. आधी नातेवाइकांकडे, लग्नाकार्याला येणारे. मग दोन-तीनशे किलोमीटरवरून स्वतःच्या गाडीने येणारे. मग रेल्वेने, मग विमानाने येणारे देशी पर्यटक. परदेशी गट त्यानंतर, आणि मोठ्या परिषदा व अधिवेशनं सगळ्यात शेवटी, कारण राष्ट्रीय अधिवेशनाचं गाव दोन-तीन वर्षं आधी ठरतं. आज कुणी संकोचून दुसरं शहर निवडलं तर त्याचं भगदाड दोन वर्षांनी दिसतं, जेव्हा बाकी सगळं सुरळीत झालेलं असतं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सने हे सोसलं. 2004 मध्ये तिथे एक कोटीच्या वर पर्यटक आले होते. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळ आलं, आणि 2006 मध्ये आकडा 37 लाखांवर आला. फ्रेंच क्वार्टर हा शहराचा जुना भाग उंचावर असल्याने बराचसा कोरडा राहिला होता, पण टीव्हीवर बुडालेलं शहर बघितलेल्या माणसाला ते पटत नव्हतं. जून 2006 मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने आपलं वार्षिक अधिवेशन ठरल्याप्रमाणे तिथेच भरवलं. वादळानंतरचं ते पहिलं मोठं अधिवेशन. हजारो ग्रंथपाल आले, राहिले, आणि आपापल्या गावी जाऊन "शहर चालू आहे" हे सांगू लागले. ते काम जाहिरातीने झालं नसतं.

आपल्या शहराला एकापाठोपाठ एक असे धक्के बसले. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि मुंबई-दिल्लीची हवाई वाट एकदम अरुंद झाली. वर्ष संपता संपता नव्या सेवा येऊ लागल्या, तोच मार्च 2020 उजाडला. लेण्यांना कुलूप लागलं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत. त्याच्याही आधीपासून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणारा रस्ता चौपदरीकरणासाठी उकरून ठेवलेला होता. शंभर किलोमीटरला चार-चार तास, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा, उन्हाळ्यात धुळीचे लोट. परदेशी गट आणणाऱ्या कंपन्यांनी सरळ मार्ग काढला. अजिंठ्यापासून जळगाव साठेक किलोमीटर, शिवाय मुंबई-हावडा मुख्य मार्गावर. त्यांनी मुक्कामच तिकडे हलवला. अजिंठ्याचे पाहुणे मोजणाऱ्याला यात काही वावगं दिसलं नसतं; माणसं येतच होती. रात्री मोजणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कळलं असतं की काहीतरी गळतंय. रस्ता दुरुस्त झाला की पाहुणे आपोआप परत येतात हाही भ्रम आहे. कंपनीच्या छापील कार्यक्रमात एकदा जळगाव चढलं, की ते बदलायला कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन नवा कार्यक्रम, नवे दर आणि प्रवासाचे खरे तास दाखवावे लागतात.

आणि गेलेली माणसं? खोल्या कुलूप लावून ठेवता येतात, गाईड ठेवता येत नाहीत. जपानी, जर्मन, फ्रेंच बोलणारा गाईड घडायला वर्षं लागतात. भाषा एक, आणि जातककथा त्या भाषेत अशा सांगणं की ऐकणारा अंधारात भिंतीकडे टक लावून बघत राहील, ही दुसरी गोष्ट. दोन सीझन काम नाही मिळालं की असा माणूस भाषांतराकडे, कंपनीच्या नोकरीकडे वळतो, आणि एकदा महिन्याचा पगार सुरू झाला की सीझनपुरत्या कामाकडे परतणं अवघड असतं. पुनरुज्जीवनाच्या कुठल्याही आराखड्यात सगळ्यात आधी पैसे इथे घालावेत. पडक्या सीझनमध्ये याच गाईडांकडून शाळा-कॉलेजांच्या सहली करवून घ्याव्यात, त्यांचं मानधन निधीतून द्यावं. रंगीत कमानी नंतर उभारता येतात.

समृद्धी महामार्गाबद्दल मनात दोन भावना एकदम उभ्या राहतात. जून 2025 मध्ये तो 701 किलोमीटर पूर्ण खुला झाला आणि मुंबई जवळ आली, याचा आनंद खरा आहे. पण जवळ आलेलं गाव मुक्कामाचं राहत नाही. शिर्डीच्या यात्रेकरूंबाबत हे आधीच घडलंय. साईबाबांच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू सकाळी गाडी करतो, घृष्णेश्वर, वेरूळ, भद्रा मारुती उरकतो आणि रात्री शिर्डीला परततो. आपल्या वाट्याला टपरीवरचा चहा आणि पार्किंग. जलद रस्ता पाहुणा आणतो आणि त्याच वेगाने घेऊनही जातो. त्याला थांबवायचं, तर संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊच्या आधी या शहरात काहीतरी असलं पाहिजे.

तर मग आठवड्याचंच गणित बघू. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे मोठ्या हॉटेलांत सोमवार ते गुरुवार कंपन्यांचे पाहुणे असतात. शनिवारची रात्र पर्यटक भरतात. रविवारची रात्र ओस पडते. मुंबई-पुण्याचा माणूस शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा करून रात्रीच्या गाडीला बसतो. हाच क्रम फिरवावा. शनिवारी अजिंठा: सकाळी सातला निघायचं, साडेनऊला टी-पॉइंट, मग शटल, साडेतीन-चार तास लेण्यांत, अंधार पडेपर्यंत परत. रविवारी सकाळी दौलताबाद, ऊन चढायच्या आत. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मधल्या अंधाऱ्या वाटेत वटवाघळांचा उग्र वास येतो आणि आजी-आजोबांना खालीच चांदमिनाराच्या सावलीत बसवावं लागतं. उशीर केला तर वेरूळच्या रस्त्यावरच्या अरुंद दरवाजात गाड्या अडकून तासभर जातो. दुपारी विश्रांती. संध्याकाळी मकबरा. आणि सोमवारी, जेव्हा अजिंठा बंद असतो पण वेरूळ उघडं असतं, तेव्हा वेरूळ. वीकेंडची गर्दी ओसरलेली, कैलास लेण्याच्या प्रांगणात स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणून दुपार टळल्यावर ऊन आत शिरतं आणि दगड तांबूस होतो. हे बघितलेला माणूस दुसऱ्याला सांगताना "सोमवारीच जा" असं सांगेल. यासाठी नवं काहीही बांधायचं नाही. हॉटेलांनी रविवारच्या रात्रीचा दर कमी करायचा, चेक-आऊट दुपारपर्यंत लांबवायचं, आणि वेळापत्रक काउंटरवर मराठी, हिंदी, इंग्रजीत लावायचं.

ज्याला आणखी राहायचं त्याच्यासाठी विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यात वादकांच्या मधोमध नाचणारी मूर्ती बघायला शहरापासून दूर जावंच लागत नाही, तरी किती जणांनी ती पाहिलेली असते? कन्नडजवळ पितळखोरा आहे, सातवाहनकाळातलं, पावसाळ्यात धबधब्याच्या तुषारांत न्हालेलं. पण उतरायच्या पायऱ्या निसरड्या असतात. पैठणला मागावरची पैठणी आहे, हिवाळ्यात तिथल्या धरणाच्या नाथसागर जलाशयावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. डिसेंबर-जानेवारीत आजूबाजूच्या शेतांत हुरडा असतो, शेणीच्या आरावरून उतरलेला, तळहातावर चोळून फुंकलेला, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. याच्यासाठी पुण्याची माणसं मुद्दाम येतात आणि रात्र शेतावर काढतात.

बांधून ठेवून चालत नाही, हे अजिंठ्याच्या अभ्यागत केंद्राने शिकवलं. जपानच्या कर्जातून मोठी देखणी वास्तू उभी राहिली, आत 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती. कल्पना उत्तम होती. पाहुण्याने आधी प्रतिकृतीत निवांत, भरपूर उजेडात चित्रं समजून घ्यावीत आणि मूळ लेण्यात थोडाच वेळ थांबावं. पण वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्र वर्षानुवर्षं बंद राहिलं. कर्ज इमारतीसाठी होतं, रोजच्या खर्चासाठी नव्हतं. इतक्या खर्चाची जागा दरमहाच्या बिलापायी अंधारात जावी याचं दुःख होतं, आणि रागही येतो. कुठल्याही आराखड्यात बांधकामाच्या आकड्याशेजारी पहिल्या दहा वर्षांचा वीज, पाणी, पहारा आणि झाडलोटीचा आकडा लिहिलेला नसेल, तर तो आराखडा परत पाठवावा. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 अंतर्गत डब्ल्यू-20 या महिलांच्या गटाची बैठक शहरात झाली, रस्ते गुळगुळीत झाले, भिंती रंगल्या. शहराला दोन दिवस चांगलं दिसता येतं हे सिद्ध झालं. तसं बाराही महिने राहायचं तर त्याला रोजचा पैसा लागतो.

सुरुवात एका पानाच्या फॉर्मने करता येईल. पाच रकाने: महिन्यात विकायला किती खोल्या होत्या, किती विकल्या, पाहुणे किती, कुठल्या जिल्ह्यातून किंवा देशातून, किती रात्री. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, मोबाइलवरून भरता येईल असा. पहिल्या वर्षी मोठी हॉटेलं भरतील आणि स्टेशन रोडवरची लॉज टाळतील, कारण आकडे कराच्या नोटिशीसाठी वापरतील अशी धास्ती असते. ती खोटी म्हणता येणार नाही. म्हणून कुठल्याही एका हॉटेलचा आकडा कर खात्याला दिला जाणार नाही हे लेखी द्यावं लागेल, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला सगळ्या शहराची एकत्रित सरासरी प्रत्येक भरणाऱ्याला परत पाठवावी लागेल, म्हणजे आपलं लॉज शेजारच्यांपेक्षा मागे का आहे हे मालकाला स्वतःलाच बघता येईल. ही परतफेड पहिल्या तीन महिन्यांत सुरू झाली नाही, तर चौथ्या महिन्यापासून फॉर्म येणं बंद होतं.